गोऱ्हा मागून पितो

१२ जानेवारी, सांगोला
पहाटे आमची गाय हरणी व्याली. गोऱ्हा मेलेलाच निघाला. शेजारच्या वस्तीवर मध्यरात्री एक गाय विताना दगावली होती. तिचा गोऱ्हा आणून हरणीला लावायचं ठरलं. त्याच्या पोटात चिकाचा थेंबही गेला नव्हता. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं वासराच्या आतड्यातून थेट रक्तात जातात, पण पहिल्या काही तासांतच. दिवस उलटला की ती वाट बंद होते. म्हणून आधी हरणीचा चीक काढून बाटलीने पाजला. मगच मेलेल्या वासराच्या अंगावरचा ओला चिकटा या पोराच्या पाठीवर, शेपटीखाली चोळला. हरणीने हुंगलं, जरा चाटलं आणि ढुशी दिली.

१३ जानेवारी
मागचे पाय बांधून पाजलं, तरी पान्हा फुटेना. वासराने चोखलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि कासेतलं दूध सडात उतरतं. गाय घाबरली, चिडली की ते अडतं. मी काठी उचलली तसे आबा म्हणाले, "हाणू नगंस तिला. हाणलेली गाय दूध वर ओढती." पुढ्यात सरकी पेंड ठेवली, सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं. थोडा पान्हा आला.

१७ जानेवारी
गोऱ्हा आता मागून पितो, मागच्या दोन पायांमधून तोंड घालून. पोटचं वासरू कुशीला उभं राहून, गाईच्या तोंडाकडे ढुंगण करून पितं. ती त्याचं शेपूट हुंगत राहते आणि पान्हा सोडते. हा तिच्या नाकापासून लपतो. वस्तीवरचे म्हणतात, लागलं वासरू. मला पटत नाही. चार घोट झाले की ती सरकते, लाथ झाडते.
मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांत त्यांचं दूध सहसा काढत नाहीत, ते सगळं वासराचं. गाय परकं वासरू घेईना तर तिथले पशुपालक मेलेल्या वासराचं कातडं सोलून नव्याच्या पाठीवर बांधतात आणि गाय त्या वासाला ओळखते. आमच्याकडे कातड्याचा विषय काढला, तर आई उठून गेली.

२६ जानेवारी
टेपने गोऱ्ह्याच्या छातीचा घेर घेतला. धाकट्या गाईची कालवड याच्याहून वयाने लहान, पण घेरात पुढे गेलीय. ती सावकाश पिते; हा घाईत, अर्धपोटी. मामा म्हणतात, दोन्ही त्या धाकटीलाच लावा. तिने दोन्ही पोसली तर एकूण वजन जास्त भरेल, हे खरं. पण एकेक वासरू मागे पडेल, गाय हाडावर येईल आणि माजावर उशिरा येईल. खिल्लार गाईला दूध मुळातच बेताचं. नाही लावणार.

४ फेब्रुवारी
संध्याकाळी पाय न बांधता सोडला. तो कुशीला गेला. हरणीने मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि तो पीत असताना चाटत राहिली. तोंडाला फेस येईपर्यंत प्याला.

२० फेब्रुवारी
घेर कालवडीच्या बरोबरीला आला. घरात चहापुरतं तरी हरणीचं पिळावं, असं निघालं होतं. पावसाळ्यापर्यंत चारही सड त्याचेच, असं मी सांगितलं. आईने चहाला शेळीचं दूध धरलंय.