चावी दलालाच्या खिशात

घराची किंमत काढून देण्याचं काम आम्ही नवरा-बायको मिळून करतो. आमच्यापैकी एक जण सिव्हिल इंजिनिअर. टेप, कॅमेरा आणि कागदांची फाइल घेऊन घर पाहायला जातो. दुसरी फोन आणि डायरी सांभाळते, आणि घरात फक्त बायका असतील तर सोबतही जाते. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात शहागंजपासून सातारा परिसरापर्यंत आमची फिरती असते. लोकांना वाटतं, या कामात हिशोब अवघड असेल. हिशोब तर टेबलावर बसून होतो. खरं डोकं लागतं ते घर पाहायची वेळ ठरवताना, कारण ती वेळ बहुतेकदा एजंटकडून मिळवावी लागते.

व्हॅल्युएशन रिपोर्ट कधी लागतो? बँकेचं कर्ज असेल तेव्हा, वारसांमध्ये वाटणी असेल तेव्हा, जुनी मालमत्ता विकून कॅपिटल गेनचा कर भरायचा असेल तेव्हा. 1 एप्रिल 2001 पूर्वीचं घर असेल तर त्या तारखेची किंमत काढून हिशोबात धरता येते. कारण कोणतंही असो, घर डोळ्यांनी पाहावंच लागतं. खोल्या मोजायच्या, चतुःसीमा कागदाशी जुळतात का ते बघायचं, समोरचा रस्ता किती रुंद, बांधकाम किती जुनं, राहतं कोण, हे टिपायचं. जुन्या शहरात पीआर कार्ड बघावं लागतं, गुंठेवारीच्या वसाहतीत 2001 च्या कायद्याखाली घर नियमित झालं की नाही याचा कागद. या सगळ्याला तासभर लागतो, आणि फोटोसाठी दिवसाचा उजेड हवा.

एजंटची अडचण आम्हाला कळते. त्याचं पोट सौद्यावर चालतं. सौदा झाला तर कमिशन, फिसकटला तर पेट्रोलचे पैसेही त्याच्याच खिशातून. व्हॅल्युअर त्याला कमाई देत नाही, उलट सौद्यात खोडा घालेल ही भीती असते. म्हणून कुणी ‘दहा मिनिटांत या, आत्ताच घर उघडलंय’ म्हणतो, कुणी आमचीच वेळ गिऱ्हाइकाला देऊन टाकतो, कुणी आम्ही गल्लीत पोचल्यावर फोन उचलत नाही.

त्यात आपल्या शहराचं स्वतःचं वेळापत्रक. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी घरात माणूस नक्की सापडतं, पण दारापासून मोरीपर्यंत पाइप आणि ड्रम मांडलेले असतात. तिथे टेप कुठून लावणार? शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज. रमजानमध्ये असरनंतर कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणं बरं दिसत नाही. मे महिन्यात दुपारी एकला गच्ची मोजायला चढणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं. एजंटला हे सगळं माहीत असतं. तरी तो नेमकी अशीच वेळ देऊ लागला, की आम्ही सावध होतो.

जुन्या शहरातल्या एका माळवदाच्या घराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आई-वडील वारलेले, मागे तीन भाऊ आणि दोन बहिणी. शरीयतच्या हिशोबाने आठ हिस्से: प्रत्येक भावाला दोन, प्रत्येक बहिणीला एक. म्हणजे घराचा चौथा भाग दोघी बहिणींचा. भावांनी विक्री एका एजंटवर सोपवली होती. त्याने गिऱ्हाईक आणलं, आकडाही सांगितला. बहिणींनी एवढंच म्हटलं, ‘सही करू, पण आधी किंमत काढून घेऊ.’ काम आमच्याकडे आलं, चावी मात्र एजंटकडे.

पहिली वेळ मंगळवारी अकराची ठरली. त्या दिवशी त्याचा फोन बंद. दुसऱ्या वेळी चावी पैठणला राहिली होती. तिसऱ्या वेळी त्याने शुक्रवारी दीडची वेळ दिली, जेव्हा आम्हीही मशिदीत आणि खालच्या गाळ्यांचे भाडेकरूही मशिदीत. शेवटी म्हणाला, ‘साहेब, उन्हात कशाला येता? फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आकडा मी सांगतो.’

आम्ही आवाज चढवला नाही. घर पाहिल्याशिवाय रिपोर्ट देणार नाही, एवढं सांगितलं आणि फोन लावला थोरल्या बहिणीला. ती काही पाहुणी नव्हती, घराची वारस होती. तिने थोरल्या भाईजानना विचारलं, तर तीन वेळा भेट हुकल्याचं त्यांच्या कानावरही नव्हतं. भाडेकरू म्हणाला, सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी या. ती वेळ सगळ्यांना लिहून पाठवली, एजंटलाही. तो चावी घेऊन वेळेवर हजर झाला!

मोजल्यावर उलगडा झाला. त्याने रेडी रेकनरचा राहत्या घराचा दर सगळ्या जागेला लावला होता. रस्त्याकडचे दोन गाळे खोल्या म्हणून धरले होते. रेडी रेकनर सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर असतो. बाजारात तीच किंमत येते असं नाही. रिपोर्टमधला आकडा बराच वर गेला. भाऊ पुन्हा बोलणी करायला बसले, आणि बहिणींचा हिस्सा नव्या आकड्यावर निघाला.

तेव्हापासून आमची पद्धत पक्की झाली आहे. पहिल्या फोनवर आम्ही विचारतो, घरात राहतं कोण? मालक, भाडेकरू की कुणीच नाही? मग राहणाऱ्यांना सोयीच्या दोन-तीन वेळा घेतो आणि त्यांतून एक निवडायला एजंटला सांगतो. सूरह नूरमध्ये शिकवण आहे, की परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, आणि परत जा म्हटलं तर परत जावं. एजंटने हो म्हटलं म्हणजे घरच्यांनी हो म्हटलं, असं आम्ही धरत नाही.

ठरलेलं सगळं मेसेजवर लिहितो: तारीख, वेळ, किती वेळ लागेल, कोणते कागद काढून ठेवायचे, दार कोण उघडणार. उधारी लिहून ठेवावी ही सूरह बकराची शिकवण आपल्याला ठाऊक असते, वेळेचा वादा लिहायला मात्र आळस होतो. आदल्या संध्याकाळी एक आठवण पाठवतो. दारात वीस मिनिटं थांबतो, मग सलाम करून निघतो आणि निघाल्याचं कळवतो. दोनदा भेट हुकली तर काम देणाऱ्याला, म्हणजे बँकेच्या अधिकाऱ्याला किंवा वारसांना, फक्त तारखा कळवतो. तक्रारीचा सूर लावला की एजंट भांडायला उभा राहतो. तारखांशी कोण भांडणार?

घर पाहताना आकड्याची चर्चा करत नाही. त्याच वेळी गिऱ्हाईक आलं तर त्यांना आधी पाहून घ्या म्हणतो आणि आम्ही बाहेर थांबतो. पाहणीची तारीख आणि हजर माणसं रिपोर्टमध्ये लिहितो, म्हणजे उद्या कुणाला वेगळं सांगता येत नाही.

वाचकांना आमचं सांगणं थोडकं आहे. घर विकायला दिलं तरी एक चावी स्वतःजवळ ठेवा. बँकेच्या अर्जात एजंटचा नव्हे, स्वतःचा फोन नंबर लिहा. नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते, तिचा नंबर मागून घ्या. जुन्या घराच्या सौद्यात हा आधार सहसा नसतो, तिथे जास्त जपा. इसारपावतीवर मुदत लिहिताना कर्ज आणि व्हॅल्युएशनचे दिवस धरा, नाहीतर तारीख उलटते आणि इसार बुडतो. वाटणीचं घर असेल तर पाहणीची वेळ बहिणींनाही कळवा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. आणि त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल तर नि:संकोच सांगा. आम्ही दुसऱ्या दिवशी येऊ.