फावल्या वेळेची विद्या

आमच्या सीमाभागात मुलगा अभियंता होणार म्हटले की पेढे वाटले जातात, मैदान अथवा वाचनालय सांभाळण्याचे शिक्षण घेतो म्हणाला, तर वडीलधारी मंडळी विचारतात, "त्यासाठी विद्यापीठ कशाला हवे?" घरातील एका पदवीधर कन्येने शारीरिक शिक्षणाचा मार्ग धरण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा आमच्याही माजघरात हाच प्रश्न उमटला.

प्रश्न अगदीच गैर नव्हे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले, तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी या देशात नव्हतीच. तालमीतले वस्तादही तांबड्या मातीतच शिकले. या संस्था हौसेने आणि पदरमोडीने उभ्या राहिल्या.

तथापि हौसेला शास्त्राची जोड हवी, हे जाणत्यांनी पूर्वीच ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणून ग्रंथालयांची घडी बसविली, सेवकांसाठी वर्गही काढले. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंच्या पुढाकाराने निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. तेथे आज शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मनोरंजन, क्रीडा व पर्यटन यांचा स्वतंत्र विभागच आहे. आपल्याकडे हीच विद्या शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, नाट्यशास्त्र अशा निरनिराळ्या दारांनी मिळते.

तिचा उपयोग काय? मान दुखावलेल्या मल्लास घाईने उचलून बसवू नये, हे जाणणारा एक जण आखाड्यापाशी असला, तर एखाद्या घरचा कर्ता पुरुष जन्माचा पंगू होण्यापासून वाचू शकतो. निपाणीची विडी कामगार भगिनी हजारी विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेते. तिच्या लेखी फावली घटका म्हणजे बुडालेली कमाई. तिच्यासाठी वाचनाची वा व्यायामाची वेळ कोणती ठेवावी, तिची मुले कोठे खेळावीत, याचा विचार करणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे.

शिक्षणाची वाटही आमच्याकडे सीमेने दुभंगली आहे. निपाणीलगतचे अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या भूमीवर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. बेळगावची कला-वाणिज्य महाविद्यालये पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. पदवी कोठलीही असो, येथे काम करणाऱ्यास मराठी आणि कन्नड दोन्ही यावयास हव्यात. मैदानावर दोन्ही भाषांची मुले येतात.

खरी अडचण पुढेच आहे. आमच्या संस्था सभागृहाच्या फरशीसाठी वर्गणी काढतात, सेवकाच्या वेतनासाठी क्वचितच. मानधनाच्या नावाखाली चहापाणी देऊन शिकलेले मूल गावात राहावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. ते पुण्यास वा बेंगळुरूस जाईल आणि वाचनालयाच्या किल्ल्या वृद्ध कार्यवाहांच्याच कनवटीस राहतील. आमच्या कन्येस आम्ही होकार दिला आहे. आता वार्षिक सभांतून वेतनाचा ठराव मांडणे, हे आम्हा सभासदांचे काम आहे.