खिमा चिकनचा की मटणाचा? आधी चरबी विचारा

"डॉक्टर, मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने बीफ सोडून टर्कीचा खिमा सुरू केलाय. तो हेल्दी असतो म्हणे. मग आम्ही इथे मटणाऐवजी चिकनचा खिमा खाल्ला तर चालेल ना?"

प्रभादेवीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न या ना त्या रूपात नेहमी येतो. टॉवरमधून येतो तसा चाळीतूनही येतो. श्रावण संपला की जरा जास्तच येतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, चिकन किंवा मटण. एका शब्दात ते का देता येत नाही, हे आज जरा सविस्तर सांगतो.

आधी अमेरिकेतला खिमा पाहू

तिकडे खिम्याच्या पाकिटावर 80/20 किंवा 93/7 असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे 80/20 बीफच्या 100 ग्रॅम कच्च्या खिम्यात सुमारे 250 कॅलरी आणि 20 ग्रॅम चरबी असते. तेच बीफ 93/7 असेल तर कॅलरी 150च्या आसपास येतात. आणि 93/7 टर्की? तीही 150च्याच आसपास. टर्कीचा 85/15 खिमा घेतला तर 180. म्हणजे साधा टर्कीचा खिमा हा कमी चरबीच्या बीफपेक्षा जास्त चरबीचा निघतो.

याचं कारण सोपं आहे. पक्ष्याच्या छातीच्या मांसात चरबी कमी असते, मांडीत थोडी जास्त आणि कातडीत भरपूर. तिन्ही मशीनमध्ये एकत्र गेले की पाकिटावर नाव "टर्की"च राहतं, पण आतला माल बदललेला असतो.

आपल्याकडचा सामना वेगळा आहे

टर्की आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे. म्हशी-रेड्याचं मांस त्या बंदीत येत नाही आणि मुंबईत ते खाणारे आहेत. पण आपल्या भागातल्या बहुतेक घरांत रविवारी प्रश्न असतो तो बोकडाचं मटण की चिकन, एवढाच.

त्याच अमेरिकन तक्त्यातले 100 ग्रॅम कच्च्या मांसाचे आकडे बघा. सगळे ढोबळ आहेत:

- बोकडाचं, चरबी काढलेलं मांस: 110 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं, 2 ते 3 ग्रॅम चरबी, लोह 2.8 मिलिग्रॅम.
- चिकन ब्रेस्ट, कातडी काढून: 120 कॅलरी, 22 ग्रॅम प्रथिनं, 2 ते 3 ग्रॅम चरबी, लोह 0.4 मिलिग्रॅम.
- चिकनचा तयार खिमा: 140 कॅलरी, 17 ग्रॅम प्रथिनं, 8 ग्रॅम चरबी, लोह 0.8 मिलिग्रॅम.

बोकडाचं चरबी काढलेलं मांस तयार चिकन खिम्यापेक्षा हलकं आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण लगेच मटणाच्या दुकानाकडे धावू नका. "चरबी काढलेलं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे खिम्यात सीन्याचं मांस जातं, कडेची पांढरी चरबीही जाते. चरबीशिवाय खिमा कोरडा लागतो म्हणून काही दुकानदार ती मुद्दाम घालतात, आणि काही गिऱ्हाइकं मागूनही घेतात. तसा खिमा वरच्या आकड्यात बसत नाही.

ही चरबी एवढी का मोजायची?

मांसातल्या चरबीचा बराच भाग संपृक्त असतो, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. ती जास्त पोटात गेली की यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलण्यात मंद पडतं. एलडीएल रक्तात साचतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात मुरत जातं.

2019 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या संशोधकांनी एक चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. शंभराहून थोड्या जास्त निरोगी माणसांना त्यांनी आळीपाळीने चार-चार आठवडे लाल मांस, पांढरं मांस आणि वनस्पतीजन्य प्रथिनं असा आहार दिला. संपृक्त चरबी सारखी ठेवल्यावर लाल आणि पांढऱ्या मांसाच्या एलडीएलमध्ये फरक दिसला नाही. दोन्हींपेक्षा कमी एलडीएल दिसलं ते डाळी-कडधान्यांसारख्या वनस्पतीजन्य प्रथिनांवर.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकांची अँजिओप्लास्टी झाली होती. घरच्यांनी धास्ती घेऊन मटण बंद केलं आणि चिकनचा खिमा सुरू केला. "हेल्दी" म्हणून तो आठवड्यातून चार-पाच वेळा होऊ लागला. खिमा कातडीसकट, वर चांगली तर्री, सोबत पाव. तीन महिन्यांनी एलडीएल जागेवरच. काकू रडवेल्या झाल्या, "एवढं पथ्य केलं, तरी असं कसं?" त्यांच्या कष्टात काही कमी नव्हतं. पथ्य चुकीच्या गोष्टीचं झालं होतं. प्राणी बदलला, चरबी तीच राहिली.

मग लाल मांस निर्दोष आहे का?

नाही. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध मुख्यतः दिसतो. बोकडाचं मटण लाल मांसातच मोडतं. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस तर त्याहून वरच्या, पक्क्या गटात आहे, आणि चिकनचं सॉसेज म्हणून तिथे आंधळी सूट मिळत नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. रविवारचं मटण बेताने घेणारं घर या मर्यादेत सहज बसतं. रोज खाणारं बसत नाही.

मटण सोडण्याचीही किंमत असते

आता दुसरी बाजू. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी जिना चढताना दम लागतो म्हणून आली. हिमोग्लोबिन 8.4. पाळीत रक्तस्राव जास्त. खाणं विचारलं तर म्हणाली, "रेड मीट वाईट असतं ना, दोन वर्षांपूर्वीच सोडलं. फक्त चिकन ब्रेस्ट खाते."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मटणातल्या लोहाचा मोठा भाग हीम स्वरूपात असतो, आणि शरीर ते भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा बरंच चांगलं शोषून घेतं. शिवाय सोबतच्या भाजीतलं लोह शोषायलाही मांस मदत करतं. म्हणून खिमा-मटार किंवा मेथी घातलेला खिमा हा आपल्या आज्यांचा बेत शास्त्रालाही धरून आहे. वर लिंबू पिळा, चहा मात्र तासाभराने घ्या.

तिचं हिमोग्लोबिन मी खिम्याने वाढवलं नाही. त्यासाठी गोळ्या दिल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पण आठवड्यातून एकदा चरबी काढलेलं मटण खायला तिला मनाई करण्याचं काहीच कारण नव्हतं. तिने तिच्या वयाला आणि शरीराला लागू नसलेली भीती पाळली होती.

दुकानात काय सांगाल?

- तयार खिमा घेऊ नका. तुकडा दाखवायला सांगा आणि डोळ्यांसमोर मशीनमध्ये घालून घ्या.
- मटण असेल तर रान किंवा खांद्याचं मांस, पांढरी चरबी काढून. चिकन असेल तर कातडी काढून, ब्रेस्ट किंवा ब्रेस्ट आणि लेग मिळून.
- कलेजी-गुर्दा मिसळलेला खिमा गाऊट किंवा युरिक ॲसिड वाढलेल्यांनी टाळावा. कलेजीत जीवनसत्त्व 'अ' फार असतं, म्हणून गरोदर बायकांनीही टाळावी.

आणि घरी?

तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 120 कॅलरी. अर्धा किलो खिम्याला चार चमचे तेल ओतलंत, तर चरबी काढून वाचवलेलं सगळं कढईत परत आलं. खिमा आधी नुसता परता, सुटलेली चरबी चमच्याने काढा, मग कांदा-मसाला घाला. आपला लसूण-खोबऱ्याचा मसाला ठेवा, फक्त खोबऱ्यातही संपृक्त चरबी असते, तेव्हा हात आखडता असू द्या. निम्म्या खिम्याच्या जागी मसूर किंवा मटार घातले तर चव टिकते आणि चरबी उतरते.

खिमा नीट शिजवणं हाही आरोग्याचाच भाग आहे. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरून असतात. दळल्यावर ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिम्यात गुलाबी भाग उरता कामा नये. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि चिकन नळाखाली धुऊन जंतू ओट्यावर उडवू नका.

तुमच्यासाठी कोणता?

हृदयविकार किंवा वाढलेलं एलडीएल असेल तर बहुतेक दिवस डाळी-कडधान्यं आणि मासे, अधूनमधून कातडीविना चिकनचा खिमा, मटण क्वचित. आणि कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. रक्त कमी असेल आणि बाकी त्रास नसेल तर आठवड्यातून एकदा मटण खुशाल खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणतंही मांस किती खायचं हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण तिथे प्रथिनांचंच माप ठरवावं लागतं. आणि काहीच आजार नसेल तर दोन्ही आलटून पालटून खा, वाटी एकच घ्या, पाव दोनाऐवजी एक आणि ताटात कोशिंबीर जास्त.