मुळाचे नाव

कुंभकोणम्‌हून मयिलाडुदुरैकडे निघाले की सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्या, या दोन कारणांसाठी प्रवासी येथे थांबतात. आम्ही साडीसाठी थांबलो होतो. येथील पट्टू साडीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे खरेदी करताना सौभाग्यवतींनी रेशीम, जर, विणकर यांविषयी यथास्थित चौकशी केली आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळाले.

बाहेर ऊन रणरणत होते. रस्त्याकडेच्या टपरीवर नन्नारी सरबत होते. घरी केलेले, असे दुकानदार अभिमानाने म्हणाला. मुळे धुऊन ठेचायची, आतले लाकूड काढून टाकायचे, साल रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, गाळून साखरेच्या पाकात आटवायची. पेल्यात तो काळसर पाक, वर लिंबू, भिजवलेला सब्जा, बर्फ आणि सोडा. पहिल्या घोटालाच ओल्या मातीचा आणि व्हॅनिलाचा मिश्र सुगंध आला. परदेशस्थ वाचकांना याची चव रूट बिअरच्या जवळची वाटेल. आपल्याकडे याच वनस्पतीला उपळसरी किंवा अनंतमूळ म्हणतात. आयुर्वेदातील सारिवा ती हीच.

सवयीने मी विचारले, "अण्णा, हे नन्नारीच ना?"

तो हसून म्हणाला, "वासाला नन्नारीच, सार. बाजारात येते ते मूळ आम्ही घेतो. कधी बारीक येते, कधी जाड."

हे उत्तर प्रामाणिक होते. बारीक, काष्ठमय मूळ ते उपळसरीचे. जाड, मांसल मूळ बहुधा माहाळीकिळंगूचे. त्याचे तुकडे ताकात मुरवून तमिळ घरांत लोणचे घालतात. दोन्हींच्या सुगंधाचे प्रमुख द्रव्य एकच, व्हॅनिलिनचे रासायनिक भावंड. म्हणून जिभेला भेद कळत नाही. जंगलाला मात्र कळतो. माहाळीकिळंगू दक्षिणेतील कोरड्या, खडकाळ डोंगरांत वाढतो आणि बेसुमार खोदाईने तो दुर्मिळ होत चालला आहे. पान तोडले तर झाड राहते. मूळ सबंध उपटले तर काहीच राहत नाही.

अमेरिकेतील रूट बिअरची कथाही उद्बोधक आहे. चार्ल्स हायर्स यांनी ती 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात लोकांपुढे आणली. तिचा मुख्य स्वाद सॅसॅफ्रास या झाडाच्या मुळाच्या सालीचा. त्यातील सॅफ्रोल प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या यकृतास घातक ठरले, म्हणून 1960 साली खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास तेथे बंदी झाली. पुढे पेयाचे नाव तेच राहिले. पेल्यातले मूळ गेले. त्या शासनाने पिणाऱ्याचे रक्षण केले, आणि ते योग्यच होते. आपला 2006 चा अन्नसुरक्षा कायदाही मुख्यतः पिणाऱ्याकडेच पाहतो. खोदणाऱ्याकडे कोणी पाहायचे?

हा प्रश्न मला टपरीवर सुचला, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, महाराष्ट्रातील एका वनालगतच्या तालुक्यात, आठवडी बाजाराच्या संयुक्त तपासणीत एक वृद्धा उपळसरीच्या जुड्या विकताना दिसली. मी परवाना मागितला. ती म्हणाली, "मुळं सगळी नाय काढत, साहेब. अर्धं ठेवलं की पावसात पुन्हा फुटतं." मी पंचनाम्यावर 'अनधिकृत वनोपज' असे लिहून सही केली. तिचे वाक्य लिहिण्यासाठी पंचनाम्यात रकाना नव्हता आणि तो आखावा असे मलाही वाटले नाही. जुड्या कचेरीच्या कोपऱ्यात वाळून गेल्या. वास बरेच दिवस टिकला.

पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख करून त्यांवर वननिवासींची मालकी मान्य केली. तिच्या बाबतीत तो उशिराच आला. 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील गावसमित्यांच्या नोंदवह्यांतही असे ज्ञान लिहिता येते. म्हणजे रकाना आता आहे. तो भरला जातो का, हे कायद्यावर नव्हे, तर समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या कानांवर अवलंबून असते.

याच तंजावर प्रांतात दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) धन्वंतरी महाल स्थापून निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांकडून औषधे पारखून घेतली आणि अनुभवसिद्ध पाठ तमिळमध्ये लिहवून ठेवले. जाणत्याला विचारावे आणि त्याचे म्हणणे नोंदवावे, ही प्रशासनाची जुनीच रीत आहे. मी ती त्या बाजारात विसरलो होतो.

साडीबाबत आम्ही दहा प्रश्न विचारले होते, मुळाबाबत एकच. निघताना मी दुकानदाराला आणखी एक विचारला, "ही मुळे खोदते कोण?"

"ते व्यापाऱ्याला ठाऊक, सार," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "पुढच्या खेपेला विचारीन."

मीही तेव्हा एवढेच विचारायला हवे होते.