कॉर्ड आणि आईची अंगाई

आईला आता अंगाईचे शब्द आठवत नाहीत, पण चाल पक्की आहे. म्हटलं, तीही विसरायच्या आत लिहून ठेवू. इथे शिकागोत माझी लेक पियानो शिकते. तिने फोनवर आजीची चाल ऐकली आणि म्यूजस्कोर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. वर हौसेने सी, एफ, जी७ अशी कॉर्डची चिन्हंही टाकली.

पूर्वी त्यात ही चिन्हं नुसती दिसायची, गिटारवाल्याने वाचावीत म्हणून. २०२० साली ३.५ आवृत्ती आली आणि ती वाजायलाही लागली. पांढरी एक हा सा धरला, तर सी लिहिलं की सा-ग-प एकदम वाजतात आणि पुढच्या चिन्हापर्यंत धरलेले राहतात.

आम्ही बापलेक खूष! रविवारी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे रे. कुणाचं गाणं?"

पोटात गलबललं. विसरली की काय? मग लक्षात आलं, त्या भरगच्च कॉर्डखाली तिची चाल आम्हीच पुरली होती.

पडलो इंजिनियर, सेटिंग्ज धुंडाळली. कॉर्डचा फक्त मूळ स्वर वाजवायची सोय सापडली. एफ, जी७ काढले, सगळीकडे सी ठेवला. आता चालीखाली नुसता सा राहिला. तंबोऱ्याची सर नाही, पण सोबत झाली.

पुन्हा फोन लावला. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तिसऱ्या ओळीत घाई केलीस. अशाने बाळ झोपेल कसं?"