सातव्या तारेची ऑर्डर

गिटार बनवून घ्यायला माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं रंग ठरवून येतात. मोबाइलमध्ये फोटो साठवलेले असतात. कुणाला जाळून काळं केलेलं लाकूड हवं असतं, कुणाला जांभळ्यातून काळ्यात विरत जाणारी छटा. फोटो मी नीट बघतो, कारण ती हौस खरी असते. मग विचारतो, "सातवी तार कुठल्या सुरात लावणार?"

"बी, काका. म्हणजे कधीकधी ए."

त्या 'कधीकधी'पाशी मी पेन खाली ठेवतो. रंगाच्या गप्पा तासभर चालल्या तरी माझी हरकत नसते, पण हा प्रश्न सुटल्याशिवाय लाकडाला हात लावता येत नाही.

सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारची मापं दोन-तीन पिढ्यांनी वाजवून वाजवून पक्की केली आहेत. डोळे झाकून ऑर्डर दिली तरी बऱ्यापैकी वाद्य हाती येतं. सात तारांचा मामला वेगळा आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज व्हॅन एप्स या जॅझ वादकाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली. बेसची चाल आणि वरची सुरावट दोन्ही एकट्याने सांभाळायची, हा त्याचा हेतू. रॉकमध्ये ती खऱ्या अर्थाने आली १९९० साली, आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसाठी काढलेल्या 'युनिव्हर्स'मधून. चार वर्षांनी कॉर्न या बँडचा पहिला अल्बम आला आणि जगभरच्या पोरांना खालची तार हवीशी झाली. पण 'युनिव्हर्स'चं स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची वाजती लांबी, साडेपंचवीस इंचच होतं. बऱ्याच सहा तारांच्या गिटारला असतं तेवढंच. माप जुनंच ठेवून तार तेवढी वाढवली गेली. आजही पुष्कळशा तयार गिटारी त्याच हिशेबाने येतात. कस्टम बनवून घेणाऱ्याने मात्र हा हिशेब पुन्हा मांडायला हवा. नाहीतर जास्तीचे पैसे त्याने कशासाठी मोजले?

सहा तारांच्या गिटारची सर्वांत खालची ई सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, सातवी बी सुमारे ६२ वेळा, आणि ती ए पर्यंत उतरवली तर ५५ वेळा. त्याच लांबीवर हा सूर मिळवायचा तर तार जाड घ्यावी लागते किंवा सैल सोडावी लागते. सैल तार ओल्या वळणीसारखी हलते. जोरात छेडली की सूर आधी चढतो आणि मग जागेवर येतो. जाड तारेचं दुखणं निराळं. ती जाडीमुळे ताठ होते आणि तिचे वरचे स्वरांश जागेवरून किंचित वर सरकतात. वाजवणाऱ्याला यातलं काही सांगता येत नाही. तो म्हणतो, "काका, खालची तार चिखलात अडकल्यासारखी वाटते." आणि ते बरोबर असतं.

सूर आणि तार तीच ठेवून लांबी वाढवली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीसऐवजी सत्तावीस इंच घेतले, तर लांबीत सहा टक्के भर पडते आणि ताणात बारा. हे बारा टक्के बी तारेला माणसात आणतात. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. मिरजेला तानपुरा घ्यायला गेलं की पट्टी सांगावी लागते. पुरुषी आवाजासाठीचा तानपुरा लांब असतो, बायकी आवाजासाठीचा आखूड. सुरावरून लांबी ठरते, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही. गिटारवाल्यांना मात्र ते पटवून द्यावं लागतं.

अर्थात लांबी फुकट मिळत नाही. सत्तावीस इंचांवर नट ते पहिला फ्रेट हे अंतर साडेअडतीस मिलिमीटर होतं. साडेपंचवीसवर ते छत्तीसच्या थोडं पुढे असतं. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पहिल्या तीन फ्रेटवर चार बोटं पसरून बघा. शिवाय वरच्या बारीक तारांवरही तोच बारा टक्के ताण चढतो, त्यामुळे बेंड घेताना बोटं दुखतात. मग त्या तारा अर्ध्या नंबरने बारीक घ्याव्या लागतात. बी सुरात लावून वर निवांत सोलो वाजवणाऱ्याला मी साडेसव्वीस इंच सुचवतो. ए ला खरोखर जाणार असेल तर सत्तावीस. आणि कॉर्नसारखा गुरगुरणारा, थोडा लोंबता आवाजच हवा असेल तर खुशाल साडेपंचवीस घ्यावं. त्या सैलपणातच तो आवाज आहे, ताठ तारेवर तो येत नाही.

तिसरा मार्ग तिरक्या फ्रेटचा. खालच्या तारेला सत्तावीस इंच, वरच्या तारेला साडेपंचवीस, आणि फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले. आधुनिक गिटारवर हे राल्फ नोव्हॅकने रुळवलं, त्याचं पेटंट १९८९चं. तिरके पडदे त्याआधी चारशे वर्षांपूर्वीच्या ऑर्फेरियन या इंग्लिश वाद्यावरही होते. मला हा मार्ग आवडतो आणि मुलांना वाटतं तेवढा तो हाताला परका नाही. अर्ध्या तासात डोळ्यांची सवय होते. अडचण इतकीच, की एकदा तिरकं केलं की ब्रिज तिरका, पिकअप तिरके, आणि पुढे काही बदलायचं झालं की बाजारात निवड कमी.

स्केल ठरलं की मी हात बघतो. तळहाताची लांबी मोजत बसत नाही, अंगठा कुठे जातो ते पाहतो. सहा तारांच्या नेकची नटपाशी रुंदी बेचाळीस-त्रेचाळीस मिलिमीटर असते, सातची साधारण अठ्ठेचाळीस. ब्लूज वाजवून आलेला माणूस अंगठा वरून गुंडाळतो. अठ्ठेचाळीसवर त्याचा अंगठा पोचत नाही आणि मनगट वाकडं होऊ लागतं. अशाला पातळ नेक दिला की आराम पडेल असा सर्वांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. रुंद आणि फार पातळ नेक म्हणजे हातात धरलेली फळी. तळव्याला टेकायला काही मिळत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी पेटके येतात. मी पाठीला थोडा गोलवा ठेवतो, आणि तो बी तारेच्या बाजूला जरा उतरता करतो.

नेक मी एका सलग लाकडाचा करत नाही. तीन किंवा पाच पट्ट्या, रेषा एकमेकींविरुद्ध, आणि आत कार्बन फायबरच्या दोन सळया. सातव्या तारेचा ताण आहेच, शिवाय आपली हवा आहे. पुण्यात एप्रिलमध्ये लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. जुलैत तेच फुगतं आणि नेक मागे वाकतो. मुंबईत रात्रंदिवस एसी चालणाऱ्या खोलीत हे दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात होतात. म्हणून ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईचं, चाक नेकच्या टाचेपाशी, उघड्यावर ठेवायला सांगावं. पाना सोडा, साध्या खिळ्याने फिरवता येतं. ज्यासाठी नेक उघडावा लागतो ते काम लोक टाळतात आणि वाद्य तसंच वाकडं वाजवत राहतात. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नेहमीच्या फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. आपल्याकडच्या घामाला आणि बेंडला ते लवकर झिजतं.

आता ब्रिज. इथे तो 'कधीकधी' पुन्हा आडवा येतो. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांच्या तोलावर उभा असतो. एक तार बी वरून ए वर आणली की तोल ढळतो आणि उरलेल्या सहाही तारा चढतात. दोन गाण्यांच्या मध्ये हे करणार का, स्टेजवर? ज्याला सूर बदलत राहायचं आहे त्याने स्थिर ब्रिज घ्यावा आणि विषय संपवावा. वायसारखं वाजवायचं असेल, तार लोळवायची असेल, तर फ्लॉइड हवाच. मग एक सूर धरून राहायचं. इव्हरट्यून हा नॉर्वेचा ब्रिज प्रत्येक तारेचा ताण स्प्रिंगने कायम ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये तो खरोखर कामाचा आहे. पण त्यासाठी लाकूड खूप पोखरावं लागतं आणि नंतर दुसरा ब्रिज बसवता येत नाही. ब्रिज कोणताही असो, बी तारेची सॅडल मागे सरकायला भरपूर जागा आहे ना, हे विचारावं. जाड तार बाराव्या फ्रेटवर चढी बोलते, तिला मागे न्यावं लागतं, आणि स्क्रू संपला की उपाय राहत नाही. दुरुस्तीला आलेल्या महागड्या गिटारींमध्ये मी हे पाहिलं आहे.

पिकअपवर मुलं सगळ्यात जास्त भांडतात, आणि मी सगळ्यात कमी बोलतो, कारण पिकअप संध्याकाळी बदलता येतो. फक्त त्याचा खड्डा बदलता येत नाही. बॅटरीवर चालणारे सात तारांचे जुने पिकअप लांब साबणवडीच्या आकाराच्या खोक्यात येतात, बिनबॅटरीचे बहुधा वेगळ्या मापात. मोठा खड्डा केला की लहान पिकअपभोवती फट दिसते. खड्ड्याचं माप आधी ठरवा, आत काय घालायचं ते पुढच्या वर्षीही ठरेल. एक मात्र सांगतो: खालच्या तारेसाठी 'जास्त पॉवरचा' पिकअप मागू नका. बी तारेला ताकदीची वाण नसते, स्पष्टपणाची असते.

लाकडाबद्दल मला लोकांच्या रागाची सवय झाली आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारा, स्केल आणि पिकअप यांवर जितका ठरतो, त्याच्या पासंगालाही बॉडीचं लाकूड पुरत नाही, असं माझं मत आहे. लाकडावर वजन ठरतं, तोल ठरतो, खांदा दुखेल की नाही ते ठरतं. हे काही थोडं नाही. एकाने पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई आणली होती. पणजोबांच्या घराची, भावना कळत होती. पण साग ऑल्डरपेक्षा जवळजवळ दीडपट जड, तेलकट असल्याने गोंद धरायला खळखळ करतो, आणि जुन्या तुळईत खिळे कुठे मोडून राहिलेत ते रंध्याचं पातं तुटल्यावरच कळतं. आम्ही तिच्या पातळ फळ्या काढून वरचा टॉप तेवढा सागाचा केला. फिंगरबोर्डला शिसवी चांगली. परदेशी जाणाऱ्यांना तिची कागदपत्रं लागतील का अशी धास्ती असते. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातभाईंवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, पण २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

कधी कुणी जॅझवाला येतो आणि सातवी तार वर हवी म्हणतो, ई च्याही वर ए, कॅनडात वाढलेला लेनी ब्रो वाजवायचा तशी. तिथे पोलादाचीच हद्द लागते. साडेपंचवीस इंचांवर तो सूर चढवताना तार तुटायच्या बेताला येते, आणि बारीक घेऊन उपयोग नसतो. तार बारीक झाली की तिची सहनशक्तीही तितकीच कमी होते. त्याला स्केल आखूडच घ्यावं लागतं. खालच्या तारेवाल्यांच्या अगदी उलट.

आणि एक प्रश्न मी शेवटी ठेवतो, कारण त्यावर एखादी ऑर्डर हातची जाते. सातव्या तारेवर तू करतोस काय? ती नुसती मोकळी छेडून ठेका धरणार असशील आणि वरची ई महिनोन्‌महिने कोरी राहणार असेल, तर सत्तावीस इंचांची सहा तारांची बॅरिटोन घे, बी ते बी लाव. नेक अरुंद, पैसे कमी, आवाज तोच. काही मुलं हिरमुसतात. काही खरंच बॅरिटोन घेऊन जातात. बँडमधल्या बेसवाल्यालाही विचारून यावं. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ कंपनांची. तुमच्या बी च्या खाली तिला जेमतेम सात अर्धस्वरांची जागा उरते. तुम्ही सात घेतली की त्याला पाच तारांचा बेस घ्यावा लागतो, हे त्याला आधी कळलेलं बरं.

ऑर्डर द्यायला याल तेव्हा रोज लावणार त्याच तारांचं एक पाकीट सोबत आणा. नटच्या खाचा त्या तारांच्या जाडीला कापल्या जातात, आणि नंतर जाड तारा लावल्या तर त्या खाचेत बसत नाहीत.