सहा फरश्यांचा सोफा

पुण्याला जाऊन आलेली मंडळी एक तर सिंहगडावरच्या पिठल्या-भाकरीचे वर्णन करतात, नाही तर तुळशीबागेतल्या खरेदीचे. मी गेल्या चैत्रात आठ दिवस पुण्यात होतो. पण मुक्काम कर्वेनगरात होता आणि काम घर विकण्याचे होते. तेव्हा माझ्या प्रवासवर्णनात डोंगर असलाच तर वनदेवीची टेकडी आहे, आणि खरेदी मुळीच नाही.

पुणे स्टेशनवर मेट्रोत बसलो आणि नळ स्टॉपला उतरलो. रिक्षावाल्याला "कर्वेनगर" म्हटले, तर तो मीटर न पाडताच म्हणाला, "कर्वेनगर केवढं आहे काका! कमिन्स कॉलेज, शाहू कॉलनी, हिंगणे होम कॉलनी, यातलं कुठलं?" माझ्या लहानपणी याचे उत्तर एका शब्दात देता येत असे. हिंगणे! जुन्या कागदांत हे गाव हिंगणे बुद्रुक. आता कर्व्यांचा पुतळा मागे पडला, कोथरूड मागे पडले, वनदेवी आली आणि गेली, तरी इमारतींना खंड म्हणून पडला नाही. तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या मुली स्कूटरवरून सुसाट चाललेल्या, त्यांच्यावरून उड्डाणपूल, पुलाखाली वडापाव आणि उसाचा रस. शाहू कॉलनीत तर गल्ल्या इतक्या, की त्यांना नंबर दिलेले आहेत.

माझी आत्या येथे १९८३ पासून राहते. तिने लग्न केले नाही. हिंगण्याच्या स्त्री-शिक्षण संस्थेच्या शाळेत तिने एकतीस वर्षे गणित शिकवले, आणि फंडाच्या पैशातून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या व स्वयंपाकघर घेतले. इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हा तिला जिना म्हणजे व्यायाम वाटे. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुडघे निराळेच बोलतात. तिने ठाण्याला आमच्याकडे यावे आणि घर विकून येणाऱ्या पैशाच्या व्याजावर तिची औषधे, बाई, सर्व काही निभावावे, असे ठरले. त्या पैशावर तिचे पुढचे सगळे आयुष्य होते, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी एजंट आला. तरतरीत मुलगा, बोलण्यात नुसती साखर. त्याने खिशातून फोन काढला आणि दहा मिनिटांत घराचे वीस फोटो घेतले. "आजी, तुम्ही जरा पलीकडे बसता का? फोटोत येताय," असे तो म्हणाला, आणि बेचाळीस वर्षे ज्या झोपाळ्यावर बसून आत्याने वह्या तपासल्या, त्यावरून उठून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. जाताना तो मला जिन्यात म्हणाला, "काका, असं घर कुणी बघायलासुद्धा येणार नाही. रात्रीपर्यंत सजवून पाठवतो." मला वाटले, रंगारी पाठवणार असेल.

रात्री नऊ वाजता सजवलेले घर फोनवर आले, आणि मी क्षणभर ते ओळखलेच नाही. झोपाळा नाहीसा झाला होता. छताच्या कड्यासुद्धा नव्हत्या. त्या जागी करड्या रंगाचा ऐसपैस सोफा, त्यावर पिवळ्या उशा, काचेचे टेबल, टेबलावर न वाचलेले इंग्रजी पुस्तक. देवघराच्या कोनाड्यात वेताच्या कुंडीतले झाड. आमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप आणि वाळत घातलेले टॉवेल दिसतात. फोटोतल्या खिडकीतून हिरवेगार डोंगर दिसत होते, आणि ते वनदेवीचे खासच नव्हते. बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीवर, छताजवळ, पिवळसर डाग आहे. दर पावसाळ्यात तेथे ओल येते. फोटोत ती भिंत नव्या नवरीसारखी गोरीपान!

खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. असे घर पाहून चार लोक जास्त येतील, पाच लाख जास्त येतील, असा हिशेब मी मनात करूनही टाकला. फोन आत्यापुढे धरला.

तिने चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"घर छान आहे. कुणाचं रे?"

"आपलंच, आत्या."

"असं? मग हा सोफा किती जणांचा?"

"तिघांचा असेल."

तिने बोटाने फोटो मोठा केला. (ही विद्या तिला माझ्या मुलीने शिकवली आहे.) मग ओठ हलवीत ती काही मोजू लागली. आमच्या घरात दहा इंची मोझेइकच्या फरश्या आहेत, आणि सजवणाऱ्याने बाकी सारे बदलले तरी जमीन तशीच ठेवली होती. "सोफ्याखाली सहा फरश्या," आत्या म्हणाली. "म्हणजे साठ इंच, म्हणजे पाच फूट. तीन माणसांचा सोफा साडेसहा-सात फुटांच्या आत होत नाही. पाच फुटांत तिसऱ्याला काय कडेवर घ्यायचं?"

मी हसलो. ती हसली नाही. "आणि माझी ओल कुठे गेली?" तिने विचारले.

सकाळी मी समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला गाठले. ती येथल्याच भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयात शिकते. हे फक्त मुलींचे महाविद्यालय १९९४ साली सुरू झाले. ज्या हिंगण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी विधवांना अक्षरे गिरवायला जागा मिळावी म्हणून धडपड चालली होती, तेथे आज मुली इमारतींचे आराखडे काढतात. तिने मला चहाचा कप हातात देऊन सगळे समजावून सांगितले.

अशी चित्रे दोन तऱ्हांनी होतात म्हणे. जी इमारत अजून उभीच नाही, तिचा नकाशा संगणकात भरायचा. मापाप्रमाणे भिंती उभ्या करायच्या, त्यांवर लाकूड, काच, संगमरवर चढवायचे, सूर्य कोठे आहे ते सांगायचे. मग प्रकाशाचा किरण कोठे आपटून कोठे जाईल याचे गणित संगणक करतो आणि चित्र तयार होते. यात लबाडी असायलाच पाहिजे असे नाही. उलट खिडकीत ऊन किती येईल, कपाटाचे दार पलंगाला आपटेल का, हे घर बांधण्याआधी कळते. "पण काका, यात एक गंमत आहे," ती म्हणाली. "कॅमेरा भिंतीच्या बाहेर ठेवता येतो. मधली भिंत काढून टाकायची. मग दहा फुटांची खोली पंधरा फुटांवरून दिसते. खऱ्या खोलीत तुम्ही तिथे उभेच राहू शकत नाही, कारण तिथे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर असतं!"

दुसरी तऱ्हा आमच्या वाट्याला आलेली: खऱ्या फोटोत खोटे सामान बसवायचे. पूर्वी हे जाणकार माणूस मोजूनमापून, तासन् तास बसून करी. आता कृत्रिम बुद्धीला फोटो दिला की मिनिटाभरात सोफा हजर. तिला खोलीचे माप कोणी सांगितलेले नसते, ती अंदाजाने ठोकून देते. आणि डाग दिसला तर तोही पुसते, कारण सुंदर घराला डाग नसतात असे तिच्या पाहण्यात आहे.

मला नाटकांचे पडदे आठवले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतबंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. पण नाटकाला गेलेला माणूस पडद्यावरच्या महालात बिऱ्हाड करायला जात नसे. येथे पडदा पाहून माणूस वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतो.

परतताना कोपऱ्यावरचा फलक नीट पाहिला. कर्वेनगर-कोथरूड भागात जुन्या सोसायट्या पाडून नवे मनोरे बांधण्याची मोठी लाट आहे, त्यांतलाच हा एक. चित्रात मावळतीचे ऊन, हिरवळ, कुत्रा फिरवणारी गोरी बाई. तारा नाहीत, टाक्या नाहीत, शेजारी एकही इमारत नाही. जणू काही ही इमारत हिंगण्याच्या माळावर १९०० सालीच उभी राहिली! खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, चित्र काल्पनिक असल्याची कबुली.

सोसायटीतले वकीलसाहेब म्हणाले, "नव्या इमारतीच्या बाबतीत गिऱ्हाइकाला कायद्याचा आधार आहे." २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे बारावे कलम असे, की जाहिरातीवर, माहितीपत्रकावर किंवा नमुन्याच्या सदनिकेवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यांतले वर्णन खोटे निघाल्याने नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची, आणि घेणाऱ्याला व्यवहार सोडायचा असेल, तर सगळी रक्कम व्याजासह परत. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ ला सुरू झाले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडची चौकोनी खूण छापणे सक्तीचे आहे. फोन त्यावर धरला की प्रकल्पाची नोंद उघडते. चित्र पाहून झाल्यावर ही खूण पाहावी, हे वाचकांना मुद्दाम सांगतो.

"आणि आमचं जुनं घर?"

"त्याला रेरा लागू नाही. पण १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. पावसाळ्यातली ओल चैत्रात कोणाला दिसणार?"

सॅन होजेची भाची फोनवर म्हणाली, की त्यांच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून कायदाच आहे. घराच्या जाहिरातीतला फोटो असा बदलला असेल तर तसे लिहायचे आणि मूळ फोटोही पाहायला ठेवायचा. मी हे आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही.

तरीही माझ्यातला व्यवहारी माणूस गप्प बसेना. संध्याकाळी मी म्हटले, "आत्या, सगळेच असं करतात. तुझे पैसे कमी आले तर?" ती काही न बोलता काठी घेऊन निघाली. तीन मजले उतरायला आम्हांला दहा मिनिटे लागली. संस्थेच्या आवारात अण्णा कर्व्यांची झोपडी जपून ठेवली आहे, तिच्यासमोर ती थांबली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये, त्यातून १९०० साली ही उभी राहिली. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि संध्याकाळी चिखल तुडवीत पायी येथे येत. आसपास आता केवढ्या इमारती, केवढे वर्ग, आणि मध्ये ही एवढीशी!

"देणगीदार यायचे त्यांना दाखवायला एवढंच होतं," आत्या म्हणाली. मग, "चल, डास चावतात."

एजंटला मी फोन केला. तो बापडा नाराज झाला, पण ऐकले. सजवलेला फोटो आणि खरा फोटो शेजारी शेजारी; पहिल्यावर 'सजावट संगणकाची' अशी अक्षरे, सोफा मापाप्रमाणे लहान केलेला, झोपाळा जागेवर. खाली आत्याने सांगितलेल्या दोन ओळी: लिफ्ट नाही, उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ज्या सहा जणांनी आधी येतो म्हटले होते, त्यांतल्या चौघांनी पुन्हा फोन केला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो.

रविवारी एक जोडपे आले. मूळचे कराडचे, तो कंपनीत, ती दवाखान्यात परिचारिका, दोघे वारज्याला भाड्याच्या घरात. मुलीने पर्समधून टेप काढला आणि एकेक भिंत मोजली. डाग तिने स्वतःच शोधला, हात लावून पाहिला, गच्चीवर जाऊन आली. वॉटरप्रूफिंगसाठी तिने दोन लाख कमी मागितले. मी तोंड उघडणार तोच आत्या म्हणाली, "दीड. अंदाजपत्रक मी घेऊन ठेवलंय." आणि तिने कपाटातून घडी घातलेला कागद काढला. तो तिने दोन वर्षांपूर्वीच करून घेतला होता. पैशाअभावी काम राहिले, हे आम्हां कोणालाही तिने कळवले नव्हते.

व्यवहार तासाभरात ठरला. निघताना ती मुलगी छताकडे पाहत राहिली.

"आजी, झोपाळा तुम्ही नेणार?"

"नेणार."

"कड्या ठेवाल? आम्ही नवीन झोपाळा करून घेऊ."

"ठेवीन की. दोन कड्यांमधलं अंतर घेतलंस?"

मुलगी स्टुलावर चढली, टेप धरला. "साडेचार फूट."

"चार फूट सात इंच," आत्या खालूनच म्हणाली. "पुन्हा मोज."